गजकर्णाची गोळी हलक्यात घेऊ नका

मृग लागला की बोदवडच्या माझ्या मेडिकलवर खाजेची गिऱ्हाइकं वाढतात. उन्हाळाभर अंगावर घाम जिरलेला असतो, त्यात पावसाची ओल येते आणि कपाशीच्या लागवडीला गेलेली माणसं दिवसभर ओल्या कपड्यांत राहतात. मांडीच्या सांध्यात, कमरेवर परकराच्या नाडीखाली, छातीखाली, बगलेत गोल चट्टे उठतात. कोणी त्याला गजकर्ण म्हणतं, कोणी नायटा, कोणी दाद. बाया ते डॉक्टरांना दाखवत नाहीत. दुकान रिकामं होईपर्यंत बाजूला उभ्या राहतात आणि मग हळू आवाजात म्हणतात, "ताई, मले ती खाजीची ट्यूब द्या, मागच्या टायमाची." काउंटरच्या आत बाई बसलेली आहे म्हणून एवढं तरी बोलतात. जिथे सगळे पुरुषच असतात तिथे ती ट्यूब नवरा घेऊन जातो. मग काय झालंय, कुठे झालंय, किती दिवसांपासून आहे, हे कोणी विचारतही नाही आणि कोणी सांगतही नाही.

मी फार्मासिस्ट आहे, औषधं विकूनच माझं घर चालतं. तरीही जाहीरपणे सांगते की बुरशीवरची पोटात घ्यायची गोळी ही किरकोळ गोळी नव्हे. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये, घेऊ नये. आणि चिठ्ठी असली तरी ती कशी घ्यायची हे देणाऱ्यानं सांगितलंच पाहिजे, घेणाऱ्यानं विचारलंच पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी पैसे दिले, पाकीट घेतलं, व्यवहार संपला. गजकर्ण पूर्वी पंधरा दिवसांत बरं व्हायचं, आता महिनोन्महिने हटत नाही, अशी तक्रार घराघरांतून ऐकू येते. त्यामागे हा अबोल व्यवहार मोठं कारण आहे.

आधी त्या ट्यूबबद्दल. तिच्यात बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असं एकत्र केलेलं असतं. लावल्यावर दोन दिवसांत खाज बसते, लाली उतरते आणि माणसाला वाटतं, गुण आला. प्रत्यक्षात स्टेरॉइडनं कातडीची लढण्याची ताकद दाबलेली असते. बुरशी जागच्या जागी असते आणि आता तिला अडवणारं कोणी नसतं. मलम थांबवलं की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन येतो. त्याची गोल कड पुसट होते, त्यामुळे जाणत्या डॉक्टरलाही नुसत्या नजरेनं ओळखणं अवघड जातं. फार दिवस लावत राहिलं तर सांध्यातली कातडी पातळ होते आणि गरोदरपणात पोटावर पडतात तसे वळ मांड्यांवर उमटतात. ते पुसून जात नाहीत. विशी-बाविशीच्या पोरापोरींच्या अंगावर असे वळ पाहिले की मला फार वाईट वाटतं, कारण ते त्यांनी स्वतः विकत घेतलेले असतात. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशा तीव्र स्टेरॉइडांची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ट्यूब अजून मिळते. माझ्या व्यवसायातल्या काही जणांना हे वाचून राग येईल. आला तरी हे लिहिणं भाग आहे.

ट्यूबनं भागेनासं झालं की माणूस गोळीकडे वळतो. ती गोळीही बहुतेक वेळा कोणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवरची असते. जावेला डॉक्टरांनी दिली होती, तिला गुण आला, म्हणून हिनं घेतली. आठ दिवसांत खाज थांबते, गोळ्या थांबतात, उरलेली अर्धी स्ट्रिप देवघराच्या फळीवर जाते. मेलेली असते ती कमजोर बुरशी, चिवट बुरशी मागे राहते. महिन्याभरात तीच पसरते आणि घरातल्या चार माणसांना लागते.

हे कोणा एका घरापुरतं राहिलेलं नाही. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या कातडीतून मिळालेल्या गजकर्णाच्या बुरशीला वेगळी जात म्हणून ओळख दिली. तिचं नाव ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन हे आपलं जुनं भरवशाचं औषध बुरशीला ज्या ठिकाणी पकडतं, नेमकी ती जागाच या जातीच्या पुष्कळ बुरशींनी बदलून घेतली आहे. त्यामुळे टर्बिनाफिनच्या गोळ्या महिनाभर खाऊनही चट्टे जात नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे रुग्ण आढळले तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण खात्यानं आपल्या डॉक्टरांना सावध केलं. तज्ज्ञ या फैलावाच्या कारणांत स्टेरॉइडच्या मिश्र मलमांचं आणि अर्धवट औषधांचं नाव घेतात. म्हणजे आपल्या काउंटरवर रोज जे घडतं त्याचीच ही बातमी.

हाताशी औषधं भरपूर असती तर एक निकामी झालं म्हणून एवढी काळजी नव्हती. पण बुरशीवर पोटातून द्यायची औषधं मोजकीच आहेत, आणि त्याचं कारण बुरशीच्या घडणीत आहे. जिवाणूची पेशी आपल्या पेशीहून फार वेगळी असते, त्यामुळे त्याला मारताना आपल्याला धक्का कमी लागतो. बुरशीची पेशी मात्र माणसाच्या पेशीच्या बरीच जवळची. ज्वारीच्या शेतात ज्वारीच्याच कुळातलं गवत उगवलं की त्यावर तणनाशक मारताना जीव मुठीत धरावा लागतो, तशीच ही गत आहे. बुरशीला मारणारं औषध आपल्या यकृतावर, हृदयावर, दुसऱ्या औषधांवर परिणाम करू शकतं, ते यामुळे. पुण्याजवळच्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सनं, देशातल्या पहिल्या सरकारी औषध कारखान्यानं, १९६० च्या दशकात हॅमायसिन नावाचं बुरशीविरोधी औषध शोधलं होतं. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरी आहे. मला त्याचा अभिमान वाटतो. पण तेव्हापासून आजवर अशा औषधांची घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली.

त्यातल्या ॲझोल घराण्याची तर शेतातही मोठी ये-जा आहे. रावेर-यावलच्या केळीवर करप्यासाठी जे प्रोपिकोनॅझोल फवारतात आणि डॉक्टर जे इट्राकोनॅझोल लिहून देतात, ती एकाच कुळातली. शेतातल्या फवाऱ्यामुळे मातीतल्या काही बुरशी माणसाच्या औषधालाही दाद देईनाशा होतात, हे जगभर दिसून आलंय. कृषी केंद्रात उभं राहून किती मिली टाकायचं हे आपण बारकाईनं विचारतो. त्याच कुळातली कॅप्सूल स्वतःच्या पोटात घालताना काही विचारत नाही.

तर आता इट्राकोनॅझोलबद्दल, कारण सध्या सर्वांत जास्त लिहिली जाते ती हीच. तिची साधी कॅप्सूल भरल्या पोटी घ्यावी लागते. चहा-बिस्कीट म्हणजे भरलं पोट नव्हे. भाकरी, भाजी, वरण, वर तेलाची धार किंवा तूप असं पूर्ण जेवण हवं, आणि कॅप्सूल जेवता जेवता किंवा ताट बाजूला सारल्यावर लगेच. पोटात अन्न आणि आम्ल दोन्ही असलं तरच ती नीट विरघळून रक्तात उतरते. आपल्याकडे शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीला जाणारे उपवास करतात, चातुर्मासात एकभुक्त राहणाऱ्या बाया आहेत, रमजानमध्ये रोजे असतात. उपाशी पोटी घेतलेली कॅप्सूल बरीचशी वाया जाते. म्हणून मी विचारते की दिवसातलं तुमचं मोठं जेवण कोणतं? रोजा असेल तर इफ्तारनंतरचं जेवण, एकभुक्त असेल तर ते एक जेवण. डॉक्टरांना विचारून वेळ तशी बांधून घ्यावी. उपवासापायी गोळी बुडवू नये आणि गोळीपायी उपवास मोडावा असंही बहुतेक वेळा नसतं.

दुसरी अडचण गॅसच्या गोळीची. आपल्याकडे कोणत्याही चिठ्ठीत पँटोप्रॅझोल किंवा तसलीच एखादी गोळी असतेच. सकाळी उपाशी पोटी गॅसची गोळी आणि जेवणानंतर इट्राकोनॅझोल, असं महिनाभर घेणारे मी पाहते. गॅसची गोळी पोटातलं आम्ल कमी करते आणि आम्ल कमी झालं की कॅप्सूल विरघळत नाही. पँटोप्रॅझोलचा परिणाम दिवसभर राहतो, त्यामुळे वेळ मागेपुढे करून फारसा उपयोग होत नाही. पातळ अँटासिड असेल तर दोन्हींत तासा-दोन तासांचं अंतर ठेवता येतं. दोन्ही एकाच चिठ्ठीत दिसली तर मी डॉक्टरांना फोन करते. बहुतेक डॉक्टर गॅसची गोळी काढून टाकतात आणि कोणी वाईट वाटून घेत नाही. रुग्णानंही "ही गॅसची गोळी मला खरंच लागते का?" एवढं विचारावं.

तिसरी गोष्ट म्हणजे कॅप्सूलची अदलाबदल. बाजारात ५० आणि ६५ मिलिग्रॅमच्या वेगळ्या तऱ्हेनं बनवलेल्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल मिळतात. त्या कमी मात्रेतही शरीरात जास्त उतरतात. १०० च्या जागी त्या आपल्या मनानं घेणं किंवा दुकानदारानं परस्पर बदलून देणं चूक आहे. चिठ्ठीवरचा आकडा आणि पाकिटावरचा आकडा जुळतो का, हे दिव्याखाली धरून पाहून घ्या.

इतर गोळ्यांचे नियम वेगळे आहेत आणि म्हणूनच शेजारणीचा सल्ला उपयोगाचा नाही. फ्लुकोनॅझोल जेवणाआधी किंवा नंतर कधीही चालते. टर्बिनाफिनला जेवणाचं बंधन नाही, पण तिच्यानं कोणाकोणाच्या तोंडाची चव जाते. ठेचाही अळणी लागायला लागला तर घाबरू नका, डॉक्टरांना सांगा. चव बहुतेकांना काही आठवड्यांत परत येते. ग्रिसियोफुल्विन ही जुनी गोळी मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णाला अजून देतात. ती तेला-तुपाच्या जेवणासोबत घ्यायची. तिच्यामुळे कातडी उन्हाला हळवी होते, तेव्हा आपल्या खानदेशी उन्हात डोक्यावर रुमाल किंवा पदर हवाच. आणि ही गोळी चालू असताना माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून राहता येत नाही. हे बाईला कोणी सांगत नाही. ग्रिसियोफुल्विन घेणाऱ्या पुरुषानं औषध संपल्यावरही सहा महिने मूल होऊ देऊ नये, हे तर पुरुषाला कोणीच सांगत नाही.

खरा धोका मात्र घरात आधीपासून असलेल्या औषधांशी आहे. पन्नाशी उलटलेलं माणूस असलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात साखरेची नाहीतर ब्लडप्रेशरची गोळी आहे. मधुमेह असला की बुरशी लवकर धरते, म्हणजे बुरशीची गोळी जास्त लागते ती याच माणसांना. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यानं फ्लुकोनॅझोल घेतली तर साखरेच्या गोळीचा जोर वाढून साखर एकदम खाली येऊ शकते. थरथर, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी. शेतात हे झालं तर ऊन लागलं समजून माणसाला झाडाखाली निजवून ठेवतात. कोलेस्टेरॉलची सिमवास्टॅटिन इट्राकोनॅझोलसोबत चालतच नाही, अटोरवास्टॅटिनबद्दल डॉक्टरांना विचारायलाच हवं, कारण स्नायूंना इजा होते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा असेनोकुमॅरॉल चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ज्याचं हृदय कमजोर झालंय, पायावर सूज येते, दोन पावलं चाललं की धाप लागते, त्याला साध्या गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल देऊ नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००१ मध्येच हा इशारा दिलेला आहे.

क्षयरोगाचं औषध याहून वेगळं. त्यातलं रिफाम्पिसिन इट्राकोनॅझोलला शरीरात टिकूच देत नाही, दोन्ही चालू असतील तर गजकर्णाची गोळी निष्फळ. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यातून मिळतात, माझ्या दुकानातून जात नाहीत. रुग्ण लाजेनं ते सांगत नाही, म्हणून मला ते कळायला मार्ग नसतो. टीबी झाला हे सांगायला लाजू नका. माझ्या काउंटरवर सांगितलेली गोष्ट काउंटरवरच राहते.

यकृताचं बोलायलाच हवं. टर्बिनाफिन, इट्राकोनॅझोल दोन्ही क्वचित कोणाच्या यकृताला त्रास देतात. केटोकोनॅझोलच्या गोळीनं यकृताला इतकी इजा होत होती की २०१३ मध्ये युरोपच्या औषध संस्थेनं ती थांबवायला सांगितलं आणि अमेरिकेनं तिच्यावर कडक बंधनं घातली. तिचं मलम आणि शाम्पू वेगळे, ते कातडीवरच राहतात. गोळ्या लांबणार असतील तर सुरू करताना आणि मध्ये यकृताची तपासणी करून घ्यावी, आणि त्या काळात दारू बंद. भूक मेली, मळमळ थांबेना, लघवी चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर त्याच क्षणी गोळी थांबवून डॉक्टरांकडे जायचं. आपल्याकडे डोळे पिवळे झाले की लोक कावीळ उतरवणाऱ्याकडे जातात, चुन्याच्या पाण्यात हात धुतात, पाणी पिवळं झालं की समाधान मानतात. इकडे गोळी मात्र चालूच असते. औषधानं आलेली कावीळ ते औषध थांबवल्याशिवाय उतरत नाही. हा एक मुद्दा वाचून कोणी चार घरांत सांगितला तरी माझं लिहिणं सार्थकी लागेल.

दिवस गेलेत अशी शंका असली, मूल अंगावर पीत असलं, तरी गोळीआधी ते सांगायचं. सासू सोबत आहे म्हणून सून गप्प राहते. अशा वेळी मी सासूबाईंना बाकावर बसवते आणि सुनेला आत बोलावून विचारते.

किती दिवस घ्यायची, हे डॉक्टर ठरवतील. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत भागायचं, आता सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. खाज थांबणं म्हणजे बरं होणं नव्हे. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. पैशाची अडचण असेल तर स्पष्ट सांगा. तेच औषध कमी किमतीत मिळू शकतं, पण अर्ध्या दिवसांच्या गोळ्या घेऊन जाऊ नका.

कपडे रोज धुवा, टॉवेल वेगळा ठेवा, घट्ट जीन्स आणि नायलॉन घालू नका, असं डॉक्टर सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण बोदवडला नळाला रोज पाणी येत नाही. साठवलेल्या पाण्यात घरादाराचे कपडे एकाच बादलीतून निघतात. पाण्याचा प्रश्न हा कातडीचाही प्रश्न आहे, हे नगरपंचायतीला आणि पाणी योजनेवाल्यांना कोणी तरी सांगितलं पाहिजे, म्हणून इथे सांगते. तोवर आपल्या हातात ऊन आहे. आजारी माणसाचे कपडे वेगळे धुवून, उलटे करून, कडक उन्हात पूर्ण वाळवा. घरात जेवढ्यांना चट्टे आहेत तेवढ्यांनी एकाच वेळी उपचार घ्या, नाहीतर बुरशी घरातच फिरत राहते.

२०२१ मध्ये काळ्या बुरशीनं महाराष्ट्राला हलवलं. अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी लोक जिल्हा जिल्हा फिरले, वर्ध्याच्या कारखान्यात ते तातडीनं बनवायला घेतलं गेलं. तो रोग वेगळा, गजकर्ण वेगळं. पण औषध हाताशी नसलं की काय होतं हे आपण तेव्हा डोळ्यांनी पाहिलंय. हाताशी असलेली औषधं आपल्याच चुकीनं निकामी होऊ देणं मला पटत नाही.

माझी मागणी मोठी नाही. बोदवडच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस त्वचारोगतज्ज्ञ बसावा, म्हणजे एणगाव-जामठीच्या मजुराला एक दिवसाची मजुरी बुडवून भुसावळ-जळगाव गाठावं लागणार नाही. खरवडलेली कातडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची साधी तपासणी तिथेच व्हावी. औषध प्रशासनानं स्टेरॉइडच्या ट्यूबांची चिठ्ठीशिवाय होणारी विक्री थांबवावी. डॉक्टरांनी "भरल्या पोटी" आणि "एवढे आठवडे" हे मराठीत लिहावं. आणि माझ्या फार्मासिस्ट भावा-बहिणींनो, २०१५ च्या नियमांनुसार औषध देताना रुग्णाला समजावून सांगणं हे आपलं काम आहे. ते करू या.

वाचकांना एवढंच सांगते. गजकर्णाची चिठ्ठी घेऊन मेडिकलवर याल तेव्हा घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक धरून, एका पिशवीत घालून आणा. पिशवी काउंटरवर ठेवा आणि विचारा की ही नवी गोळी यांच्यासोबत चालेल का, कधी घ्यायची, किती दिवस? उत्तर मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका.